पलंगावरून दिसणारा रस्ता

माझा मोठा भाऊ आरशांची शिल्पं करायचा असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग अदबीने विचारतात, म्हणजे नक्की काय करायचे? मीसुद्धा कितीतरी वर्षं हसतच होते, आणि तेही त्याच्या तोंडावर. "दगड फोडणाऱ्याला निदान घाम तरी येतो," मी म्हणायचे. "तू दुसऱ्याच्याच खोलीतला उजेड उचलतोस आणि त्यालाच दाखवतोस." दादा चिडत नसे. चिडायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं. तो फक्त माझा दंड धरून मला दोन पावलं सरकवायचा आणि म्हणायचा, "इथे उभी राहा. तिथे नाही गं, इथे. आता बघ."

हे "इथे उभी राहा" म्हणजे दादाचं सगळं आयुष्य. त्यातच त्याचा घात झाला, म्हणून आधी तेच सांगते.

सोळाव्या वर्षी तो काचेच्या दुकानात कामाला लागला. डोकं चालत नव्हतं म्हणून शाळा सुटली असं नाही, पण बाकाखाली पाय मावत नव्हते आणि मास्तरांच्या बोलण्यात मन मावत नव्हतं. दुकानात हिरकणीच्या कलमाने काचेवर रेघ ओढायची आणि खालून हलकेच ठोकायचं, की काच रेघेवर तुटते. सरळ तुटली तर कुणी शाबासकी देत नाही, वाकडी गेली तर मालक सात पिढ्या उद्धरतो. बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या असायच्या. वर्षभरात हात असा बसला की मालक त्याला गिऱ्हाइकांकडे आरसे बसवायला पाठवू लागला.

असाच तो एका न्हाव्याकडे गेला. दुकान कसलं, बोळच होता तो. तीन खुर्च्या एकामागे एक, आणि शेवटच्या खुर्चीवर दिवसासुद्धा दिवा लावल्याशिवाय कान कुठे आहे ते कळायचं नाही. दादाने आरसे भिंतीला सपाट न लावता थोडे तिरपे लावले. रस्त्यावरचा उजेड पहिल्या आरशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला आणि शेवटच्या खुर्चीत जाऊन बसला. शिवाय बोळाच्या शेजारी आणखी एक दुकान उघडल्यासारखं दिसू लागलं. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक त्या नसलेल्या दुकानात शिरायला गेलं आणि कपाळमोक्ष करून घेऊन आलं. न्हावी आधी भडकला, मग खूश झाला, कारण गर्दी वाढली.

मग त्याला एका दवाखान्याच्या अंधाऱ्या जिन्याचं काम मिळालं. चार मजले, वरती एक झरोका, आणि अकरा आरसे. सकाळी अकराच्या सुमाराला ऊन सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन टेकायचं. तिथल्या आया चहाचे कप घेऊन त्या पायरीवर बसू लागल्या. कलाशाळेतल्या एका बाईंनी ते पाहिलं, वर्तमानपत्रात लिहिलं, आणि आमचा दादा एका रविवारात काचवाल्याचा शिल्पकार झाला. पुढे त्याची प्रदर्शनं झाली. एकदा तर प्रमुख पाहुणे स्वतःच्याच प्रतिबिंबाला "जरा सरकता का?" असं म्हणाले, आणि ते सरकत नाही म्हणून रागावले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

काम करायची त्याची रीत ठरलेली होती. आधी जमिनीवर खडूने फुली मारायची. बघणारा माणूस इथे उभा राहणार. मग स्वतः त्या फुलीवर उभं राहायचं, एक डोळा मिटायचा, आणि दुसऱ्या डोळ्याला जे दिसेल त्यावर आरसा फिरवत न्यायचा. फिरवायला वहिनी. एका हाताने आरसा धरून दुसऱ्या हातात पाना घेऊन ती उभी असायची. "डावीकडे," दादा म्हणायचा. "अजून. अजून एक केसभर. पुरे. बांध." वहिनी स्क्रू पिळायची. त्या दोघांचं प्रेम मी यापलीकडे कधी पाहिलं नाही, पण हे मात्र हजार वेळा पाहिलं.

आता गंमत बघा. दादा सहा फूट. वहिनी कशीबशी चार फूट दहा इंच. "मला शिडी आयतीच मिळाली," असं ती लग्नात सगळ्यांना सांगत सुटली होती. दादाचा प्रत्येक आरसा दादाच्या डोळ्याला लावलेला, त्यामुळे तिला त्यात भलतंच दिसायचं. वाचनालयाच्या तळघरात त्याने आकाश खाली आणलं होतं. दारात उभं राहिलं की टेबलांची रांग थेट बाहेरच्या बागेत गेलेली दिसायची. लोकांनी तोंडात बोटं घातली. वहिनी फुलीवर उभी राहिली तर तिला दिसला छताचा पंखा. "छान आहे हो," ती म्हणाली. "पंखा अगदी स्वच्छ दिसतोय."

मी दादाला तिथेच फैलावर घेतलं. "तिच्या डोळ्याला लावून एक तरी कर ना मेल्या!"

"सगळ्यांच्या डोळ्याला कसं लावणार? कुठला तरी एक धरावा लागतो."

"मग तो दर वेळी तुझाच का?"

त्याने याआधी असा विचारच केला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. वहिनी शिवणकाम करायची, अख्ख्या गल्लीचं. घरी आल्यावर ओठांत टाचण्या धरून ती म्हणाली, "मी आल्यागेल्याचं माप घेते. ह्यांना एकच माप ठाऊक, स्वतःचं." आणि हसली. दादाही हसला, पण ते त्याला लागलं असावं, कारण त्यानंतर तो अधूनमधून म्हणायचा, "तुझ्यासाठी एक करायचंय हं मला." करायचं राहून गेलं. मोठी कामं येत राहिली, आणि घरची माणसं कुठे पळून जात नाहीत असं आपण धरून चालतो.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, एकामागे एक दोन खोल्या. पुढच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा, वहिनीचं शिलाई मशीन आणि दोन खाटा जोडून केलेला पलंग. खिडकीकडची बाजू वहिनीची, भिंतीकडची दादाची. पलंगाच्या उशाला जी भिंत, तिच्यात मागच्या खोलीचं दार. त्या खोलीला आम्ही कारखाना म्हणायचो. मोठे आरसे न्यायला अडतात म्हणून दादाने त्या दाराच्या फळ्या केव्हाच काढून टाकल्या होत्या.

वहिनीचं मशीन खिडकीला लागून होतं. ती शिवायची कमी आणि बघायची जास्त, असा माझा आरोप होता. पण तिचं बघणं रिकामटेकडं नव्हतं. खालून तिने शिवलेले कपडे जायचे. "तो चालला माझा निळा कोट," ती म्हणायची. "बघ, खांद्यात किती बसलाय. आणि ही बया माझ्या चांगल्या झग्याचे खिसे भाज्या कोंबकोंबून फाडणार आहे." तीस वर्षांत त्या रस्त्यावरून निम्मी गल्ली तिने शिवलेल्या कपड्यांत चालू लागली होती.

मग तिचं दुखणं निघालं. आधी कंबर, कंबर म्हणता म्हणता हाडात उतरलेला आजार. डॉक्टरांनी सांगितलं की आता बसायचं नाही, उठायचं नाही, पाठीवर पडून राहायचं. किती दिवस, हे त्यांनी वहिनीला सांगितलं नाही, आम्हाला सांगितलं. दवाखान्यात ती तीन आठवडे होती. एकदाच तक्रार केली तिने. "घरी गेल्यावर तरी मला रस्ता दिसेल का गं? आडवं पडून खिडकीची चौकटच तेवढी दिसते."

मी हे दादाला सांगितलं. ऐकून त्याचा चेहरा असा उजळला की मलाच कसंतरी झालं. इतक्या दिवसांत त्याला करता येण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

ती दवाखान्यात असतानाच त्याने ते केलं. खिडकीबाहेर लोखंडी ब्रॅकेटवर एक उभट आरसा, खाली रस्त्याकडे कललेला. पलंगाच्या पायथ्याच्या भिंतीवर दुसरा. खालचा रस्ता बाहेरच्या आरशात, तिथून भिंतीवरच्या आरशात, तिथून पलंगावरच्या डोळ्यात. पाना धरायला वहिनी नव्हती. त्यामुळे तो पलंगावर पडायचा, बघायचा, उठायचा, स्क्रू पिळायचा, पुन्हा येऊन पडायचा. चार दिवस ही उठबस. साठी ओलांडलेला माणूस, पण मदत घेईल तर शपथ. चौथ्या दिवशी मी गेले तर त्याने मला ओढूनच पलंगावर पाडलं, स्वतः उठला त्याच जागी. "बघ!"

मी बघितलं. पाठीवर पडल्या पडल्या समोरच्या भिंतीत अख्खा रस्ता चालला होता. चपला दुरुस्त करणारा, त्याच्या दुकानाची पाटी, सायकली, एक मुलगी उड्या मारत गेली ती. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं, "दादा, शिल्पकार आहेस रे तू."

वहिनी घरी आली. तिला उचलून पलंगावर तिच्या जागी निजवलं. दादा पायथ्याशी उभा, हात चोळत.

"दिसतो का?"

ती आरशाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने दादाकडे बघितलं.

"दिसतो," ती म्हणाली.

"काय दिसतंय? सांग ना."

खालून घंटी वाजली. "सायकलवाला चाललाय," वहिनी म्हणाली. दादा लहान पोरासारखा टाळी वाजवून हसला. पस्तीस वर्षांनी त्याने तिच्या डोळ्याला एक आरसा लावला होता, आणि जन्माचं ओझं उतरल्यासारखा तो त्या दिवशी जेवला.

तिला धक्का लागू नये म्हणून तो आता कारखान्यात घडीच्या खाटेवर झोपू लागला. दिवसभर तिचं सगळं तोच करायचा. मी एक दिवसाआड जायचे. वहिनी मला रस्त्याच्या बातम्या द्यायची. शाळा सुटली, पाववाला आला, चपलावाल्याचं कुणाशी तरी वाजलंय. एकदा म्हणाली, "त्याच्या हिरव्या पाटीवर ऊन काय सुरेख पडतं." चपलावाल्याने ती पाटी वहिनी दवाखान्यात असताना लाल रंगवून घेतली होती. औषधांनी बाईचं डोकं भ्रमतंय असं मला वाटलं.

दादा तिच्यासमोर कधी रडला नाही. रडायला कारखान्यात जायचा. मला कळलं ते असं, की एकदा मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि सहज त्या दारातून डोकावले. काच घासायचा ग्राइंडर घरघरत होता, चाकावर काच नव्हती, आणि दादा स्टुलावर बसून कामाच्या टेबलावर डोकं टेकून हुंदके देत होता. आवाज झाकायला त्याने यंत्र लावलं होतं. मी मांजरीच्या पावलांनी मागे फिरले. तेवढ्यात पलंगावरून वहिनीने हाक मारली, "अहो, पाणी देता का जरा?" यंत्र बंद झालं. दादा तोंड धुऊन बाहेर आला. तिने घोटभर पाणी घेतलं, तेही ओठ ओले करण्यापुरतं.

हे रोजचंच झालं होतं. दादाने माझ्याजवळ कुरकुर केली, "बसलो की हाक. पाच मिनिटं टेकू देत नाही. कधी पाणी, कधी उशी, कधी नुसतंच 'काही नाही, या इकडे.'" जागरणाने, काळजीने तो चिरडीला आला होता. आणि एकदा, माझ्यादेखत, तो तिच्यावर ओरडला. "दोन मिनिटं तरी मला एकट्याला बसू देशील का?" पस्तीस वर्षांत त्याने आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. वहिनीचं तोंड एवढंसं झालं. "चुकलं," ती म्हणाली. "पाणी नको होतं खरं." तरीही तिच्या हाका थांबल्या नाहीत. फक्त हळू झाल्या.

ती गेली ती एका सकाळी. दादा तिला औषध देऊन, तोंड पुसून, कारखान्यात जाऊन बसला होता. बऱ्याच वेळाने बाहेर आला तर ती गेलेली होती. डोळे उघडे, मान आरशाकडे. मी पोचले तेव्हा तो मला म्हणाला, "शेवटपर्यंत रस्ता बघत होती गं." तेवढ्या एका गोष्टीवर तो तगला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आरसा दाखवायचा, तिची जागा सोडून पलंगावर पडायला लावायचा. बिचारे लोक संकोचून टेकायचे आणि उठायचे. मी कितीदा म्हटलं, पुरे कर. पण मनात म्हणायचे, राहू दे, एवढं तरी त्याच्या हातून झालं.

दोन महिन्यांनी मी वहिनीचे कपडे आवरायला गेले. कपाट रिकामं केलं आणि कपड्यांचा ढीग पलंगावर घातला, भिंतीकडच्या बाजूला, कारण तिच्या जागेवर टाकायचं मला धैर्य होईना. दुपारची वेळ. दादा बाहेरून दमून आला. "पडतो जरा," म्हणाला. त्याची जागा मी कपड्यांनी अडवलेली. मी तिचा शिवणाचा अॅप्रन घेऊन कारखान्यात गेले, उजेडात खिसे तपासायला. स्टुलावर बसले, दाराकडे पाठ. खिशात तिची मापाची टेप निघाली. वापरून वापरून चाळीस इंचांपर्यंतचे आकडे पार पुसलेले.

मी चारचौघांत रडणारी बाई नाही. तोंडात अॅप्रनचा बोळा धरला आणि हूं की चूं न करता रडले.

"रडू नकोस गं," पलंगावरून आवाज आला.

मी वळून पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. "कोण रडतंय?" मी आवाज सावरून म्हटलं. "मुकाट झोप."

"अॅप्रनला नाक पुसलंस आत्ता."

त्याला हे दिसलं कसं? मी चपापून उठले. दादा वहिनीच्या जागी पाठीवर पडला होता, डोळे आरशावर. मी वाकून माझं डोकं त्याच्या डोक्याजवळ नेलं. आरशात रस्ता नव्हता. दार होतं, दारातून कारखाना, कामाचं टेबल, ग्राइंडर, आणि मी आत्ता उठले ते स्टूल. सगळं चौकटीत बसवल्यासारखं, स्वच्छ.

"मी माझ्या बाजूला पडून लावला गं," दादा म्हणाला. "चारही दिवस. पडायचं म्हटलं की अंग आपोआप तिकडेच जातं."

मला हिरवी पाटी आठवली. ती बाई चार महिने रस्ता कानांनी ऐकत होती आणि आम्हाला डोळ्यांनी बघितल्यासारखा सांगत होती. का, ते मला विचारावं लागलं नाही. पहिल्या दिवशी "दिसतो" म्हणण्याआधी तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं. मी तिथेच उभी होते. इतकी तोंडाळ मी, पण तिच्या उशीवर एकदा डोकं टेकून बघायचं काही मला सुचलं नाही. ह्याची मला शरम वाटते, आजही.

"तिला रस्ता दिसलाच नाही," दादा म्हणाला. "तिला मी दिसत होतो." मग म्हणाला, "पाणी नको होतं तिला."

मी त्याचा हात धरला. त्या बोटांवर काचेचे जुने व्रण आहेत, ते हाताला लागतात.

"त्या सकाळी मी तिथे खूप वेळ बसलो होतो," तो आरशाकडे बघतच म्हणाला. "पोटभर रडून घेतलं. हाक आली नाही. मला बरं वाटलं गं. म्हटलं, झोप लागली असेल तिला."



आरसा त्याने हलवला नाही. नवीन कामही घेतलं नाही. आता तो खिडकीकडच्या बाजूला झोपतो. मी गेले की कारखान्यात जाऊन थोडा वेळ स्टुलावर बसते, दाराकडे पाठ करून. काही करत नाही, नुसती बसते. थोड्या वेळाने पलंगावरून हाक येते, "पाणी दे गं जरा." त्याला तहान नसते. मी उठते आणि पाणी नेऊन देते.